बंद बंदरं आणि सेंट जॉन्स बेट: सिंगापूर, मार्च 2020

गुरुवार, 12 मार्च

मुंबईहून रात्रीचं विमान धरून सकाळी चांगी विमानतळावर उतरलो. आई, बाबा आणि मी. रविवारी, 15 तारखेला, मरीना बे क्रूझ सेंटरवरून आमचं जहाज सुटणार होतं. मूळ कार्यक्रम मलेशियातल्या पेनांगचा आणि थायलंडमधल्या फुकेतचा. मग कोरोनाच्या भीतीने थायलंडने फुकेतला आलेलं एक जहाज परत पाठवलं, पाठोपाठ मलेशियाने क्रूझ जहाजांना आपली बंदरं बंद केली, आणि कंपनीचा मेल आला की दोन्ही ठिकाणं वगळून जहाज नुसतं समुद्रात फिरून परत येईल. आपण होऊन रद्द केलं तर एक पैसाही परत मिळणार नाही, हेही त्यातच लिहिलेलं.

बाबा म्हणाले, "बंदरं राहू देत, बंदरं मी भरपूर बघितलीत. समुद्र तर आहे ना?" त्यांनी उभं आयुष्य मुंबईच्या गोदीत काढलं. शेकडो जहाजं त्यांच्या डोळ्यांदेखत धक्क्याला लागली आणि सुटली, पण प्रवासी म्हणून ते कधी जहाजावर चढले नव्हते. या सहलीचं कारण एवढंच होतं.

विमानतळावर ताप मोजणारे कॅमेरे. हॉटेलात एक फॉर्म: गेल्या 14 दिवसांत चीन, इराण, उत्तर इटली किंवा दक्षिण कोरियात होतात का? कपाळावर थर्मामीटर, मग शर्टावर त्या दिवसाच्या रंगाचा गोल स्टिकर. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताप मोजायचा, नवा रंग. आश्चर्य वाटलं ते मास्कचं. रस्त्यावर निम्म्याहून जास्त लोक उघड्या तोंडाने फिरत होते, कारण तेव्हा सरकारचीच सूचना होती की आजारी असाल तरच मास्क लावा. पुढे एप्रिलमध्ये ती बदलली. आम्ही तिघं मात्र मास्क लावून, आणि लोक आमच्यापासून जरा लांबून चालत होते. आम्हीच आजारी असू असं त्यांना वाटत असणार.

संध्याकाळी लिटल इंडियात गेलो. सेरंगून रोडवरचं कोमला विलास 1947 पासूनचं, पूर्ण शाकाहारी, त्यामुळे आई निर्धास्त. केळीच्या पानावर भात, सांबार, दोन भाज्या आणि पापड. वाढणाऱ्या मावशी तमिळमधून आग्रह करत होत्या आणि आई मराठीतून "पुरे, पुरे" म्हणत होती, दोघींचं व्यवस्थित जमलं. एरवी इथे जागेसाठी उभं राहावं लागतं असं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी अर्धी टेबलं रिकामी होती.

हॉटेलात परत आलो तर टीव्हीवर पंतप्रधान ली सिएन लूंग बोलत होते. आदल्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली होती. हे वर्षभर, कदाचित त्याहूनही जास्त चालेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या आठवड्यात एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकला नव्हता. बाबांनी आवाज वाढवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

शुक्रवार, 13 मार्च

बातमी आली: सिंगापूरने सगळ्या क्रूझ जहाजांसाठी बंदर बंद केलं, तत्काळ. कंपनीचा मेल त्यानंतर आला. सहल रद्द.

बाबांना वाईट वाटलं, पण राग आला नाही. ते म्हणाले, "जहाजावर अजून कोणी चढलेलं नाही. आत्ताच थांबवायला हवं." आणि मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती पुढचे सगळे दिवस आमच्याबरोबर राहिली. न सुटलेलं जहाज रद्द करणं वेगळं, आणि माणसांनी भरलेलं जहाज बंदरात घ्यायला नकार देणं वेगळं. त्या दोन महिन्यांत जगभरात दोन्ही गोष्टी चालू होत्या आणि बातम्यांमध्ये दोन्हींना निर्बंध हा एकच शब्द होता.

फुकेतने परत पाठवलेलं जहाज म्हणजे कोस्टा फॉर्च्युना. त्यावर सुमारे दोन हजार प्रवासी होते, त्यांत काही इटालियन. फुकेतने नाही म्हटलं, पेनांगनेही नाही म्हटलं. 10 मार्चला सिंगापूरने त्याला आत घेतलं, प्रवाशांची तपासणी करून उतरवलं. त्याआधी फेब्रुवारीत वेस्टरडॅम नावाचं जहाज फिलिपाइन्स, तैवान, जपान, ग्वाम, थायलंड अशा दारोदारच्या नकारानंतर 13 तारखेला कंबोडियात सिहानुकव्हिलला लागलं. डायमंड प्रिन्सेस तर सर्वांच्याच लक्षात असेल. जपानमधल्या योकोहामाच्या धक्क्यावर 3,711 माणसं जहाजातच अडकवली आणि त्यांतल्या सातशेहून जास्त जणांना लागण झाली. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद, पण त्यांचं जेवण रांधायला आणि दारापर्यंत न्यायला कर्मचारी कामावरच होते. ते एका खोलीत दोघं-चौघं झोपत आणि एकाच मेसमध्ये जेवत. त्यांत 132 भारतीय होते. विलगीकरणाचे नियम या लोकांना लागूच नव्हते म्हटलं तरी चालेल.

मी दुपारभर मेलामेली करत होते. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पुढे कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. कंपनीने दोन पर्याय दिले: भरलेल्या रकमेपेक्षा जास्त किमतीचं व्हाउचर, किंवा रोख परतावा. मोठा आकडा बघून व्हाउचर घेऊ नका. जहाजं पुन्हा कधी सुटतील ते माहीत नाही, आणि तेव्हा ती कंपनी असेल का तेही माहीत नाही. रोख मागा आणि लेखी मागा. कंपनीने रद्द केली तर परतावा, तुम्ही रद्द केली तर नाही, अशी अट बहुतेक ठिकाणी असते. म्हणून रद्द केल्याचा मेल, त्यावरची तारीख-वेळ, सगळं जपून ठेवा. जहाज बंदरात गेलंच नाही तर बंदराचं शुल्क आणि कर वेगळे काढून परत मागता येतात. एजंटमार्फत तिकीट काढलं असेल तर पैसे आधी एजंटकडे जातात आणि तिथे रेंगाळतात. त्याला रोज फोन करा. विमा घेताना साथीचे रोग वगळलेत का ते वाचा. शिवाय साथ जाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत विमा कंपन्या तिला 'आधीच माहीत असलेली घटना' धरतात आणि दावा नाकारतात. आमचे पैसे आले, पण पावसाळा सरता सरता.

शनिवार, 14 मार्च

आता जाणार कुठे? हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या चिनी बाईंनी बाबांचा चेहरा बघून विचारलं, "अंकल, तुम्हाला बोटीतच बसायचंय ना?" आणि नकाशावर एक ठिकाण दाखवलं: मरीना साउथ पिअर. मेट्रोच्या लाल मार्गावरचं शेवटचं स्टेशन. आमचं क्रूझ सेंटर तिथून हाकेच्या अंतरावर. तिथून छोटी फेरीबोट सेंट जॉन्स आणि कुसू बेटांना जाते.

अर्ध्या-पाऊण तासाचा तो प्रवास मी विसरणार नाही. बोट धक्क्यातून बाहेर पडली आणि समोर नांगरलेली जहाजंच जहाजं. तेलाची, कंटेनरची, बार्ज, टग. बाबा वरच्या डेकवर कठड्याला धरून उभे राहिले ते बसलेच नाहीत. हे रिकामं आहे, बघ किती वर आलंय पाण्याच्या. ते भरलेलं. हे इंधन घेतंय. एका जहाजाकडे बोट दाखवून त्यांनी मला पिवळ्या झेंड्याची गोष्ट सांगितली. बाहेरून येणारं जहाज बंदरात शिरताना साधा पिवळा झेंडा लावतं. त्याचा अर्थ: माझ्या जहाजावर सगळे निरोगी आहेत, मला बंदरात यायची मोकळीक द्या. मग बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याने कप्तानाने भरलेला फॉर्म तपासायचा. कुणाला ताप आहे का, कुणी वाटेत दगावलं का. त्याचं समाधान झालं की झेंडा उतरतो. "आणि समाधान झालं नाही तर?" मी विचारलं. "तर जहाज बाहेर नांगर टाकून थांबतं. डॉक्टर जहाजावर जातो, आजारी माणसाला खाली उतरवतो. जहाजाला हाकलून द्यायचं असं आमच्या वेळी कधी ऐकलं नाही."

हे त्यांचं नुसतं गोदीतलं मत नाही, हे मला परतल्यावर वाचताना कळलं. 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत अठ्ठाविसावं कलम आहे. आरोग्याच्या कारणासाठी जहाजाला बंदरात यायला मनाई करू नये, आणि ते बंदर उपचार-तपासणीला सज्ज नसेल तर जहाजाला स्वतःच्या जोखमीवर जवळच्या सज्ज बंदराकडे जायला सांगता येतं, असं त्यात म्हटलंय. भारतासकट जवळपास सगळ्या देशांनी ते मान्य केलेलं आहे.

सेंट जॉन्सला उतरलो तेव्हा धक्क्यावर तीन मांजरं आणि गळ टाकून बसलेले एक आजोबा. बेटावर दुकान नाही, हॉटेल नाही. वडाची आणि चिंचेची मोठी झाडं, कौलारू बैठ्या इमारती, एका बाजूला गंजलेलं तारेचं कुंपण. मला ही जागा म्हणजे शनिवार-रविवारची सहल एवढंच वाटलं होतं. फलक वाचायला लागले आणि थांबले. 1873 मध्ये सिंगापुरात कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि पुढच्या वर्षी, 1874 मध्ये, या बेटावर विलगीकरण केंद्र सुरू झालं. चीनहून येणारे मजूर, भारतातून डेकवर बसून येणारे मजूर, हजहून परतणारे यात्रेकरू, ज्या जहाजावर रोग आढळे त्याची माणसं इथे उतरवत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हे जगातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक होतं. नंतर इथे राजकीय कैदी ठेवले, मग अफूच्या व्यसनातून बाहेर काढण्याचं केंद्र झालं, ते कुंपण त्या काळचं. पुढे सुट्टीचे बंगले झाले आणि समुद्रजीवांवरची एक प्रयोगशाळा.

गळवाले आजोबा इंग्रजी आणि मलय मिसळून बोलत होते. त्यांचे वडील लहानपणी आईबरोबर चीनहून आले तेव्हा त्यांना इथे ठेवलं होतं. सगळ्यांचे कपडे काढून वाफेत घालायचे, माणसांवर औषधाचं पाणी मारायचे, आजीला ते फार लागलं होतं, असं ते म्हणाले. आईने विचारलं, "जेवण द्यायचे का?" आजोबा म्हणाले, "द्यायचे. भात आणि सुकी मासळी." बाबांनी त्यांच्याशेजारी बसून बराच वेळ गळ बघितला. मासा काही लागला नाही.

त्या केंद्राचं मी गुणगान करत नाही. वरच्या वर्गाच्या केबिनमधून आलेल्यांना आणि डेकवरून आलेल्या गरिबांना तिथे सारखी वागणूक नव्हती. अशाच बळजबरीचे प्लेगमधले अनुभव 1897 मध्ये पुण्याने सोसलेत. तरीही त्या झाडाखाली बसून मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. दीडशे वर्षांपूर्वी बंदर चालवणाऱ्यांनी रोगी जहाज येणारच हे गृहीत धरून त्याच्या माणसांसाठी जमिनीचा तुकडा राखून ठेवला होता. 2020 मध्ये योकोहामात तीन हजारांवर माणसं जहाजातच ठेवावी लागली, कारण एवढ्या माणसांना किनाऱ्यावर वेगवेगळं ठेवण्याची तयारी नव्हती. विमानतळ, मॉल, पाच-पाच हजार प्रवाशांची जहाजं, हे सगळं बांधलं. ती जागा मात्र कुठेच राखली नाही.

दुपारी पलीकडच्या लाझरस बेटावर चालत गेलो, बांधाने दोन्ही बेटं जोडलेली आहेत. पांढऱ्या वाळूची लांब अर्धगोल चौपाटी आणि आमच्याखेरीज दोन कुटुंबं. तीनच्या सुमारास ढग दाटले आणि पंधरा मिनिटांत असा पाऊस आला की समोरची जहाजं दिसेनाशी झाली. आडोशाला एक मलय कुटुंब होतं, त्यांनी आम्हाला पानात बांधलेला नारळाचा भात दिला, आईने त्यांना दशम्या दिल्या. हात धुवायला त्यांच्या मुलीने सॅनिटायझरची बाटली पुढे केली. मग सगळे जेवलो.

जाणाऱ्यांसाठी: पाणी आणि खाणं बरोबर घ्या, तेव्हा बेटांवर काही विकत मिळत नव्हतं. बोटीची परतीची शेवटची वेळ चढतानाच विचारून ठेवा, आठवड्याच्या मधल्या दिवशी फेऱ्या कमी असतात. छत्री हवीच. कुसूला चिनी मंदिर आणि भरपूर कासवं आहेत. टेकडीवर तेव्हा मलय संतांच्या समाध्याही होत्या, पण पायऱ्या बऱ्याच. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा.

रविवार, 15 मार्च

आमचं जहाज सुटायचा दिवस. सकाळी लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटमध्ये चहा घ्यायला गेलो. तिथे तेह तारिक म्हणजे दोन मगांतून उंचावरून ओतत फेसाळवलेला चहा तेव्हा दीड सिंगापूर डॉलरच्या आत मिळत होता. शेजारच्या टेबलावर एक मुलगा फोनवर मराठीत बोलत होता, "आई, मी बरा आहे गं, जेवतोय." फोन ठेवल्यावर आईने त्याला हाक मारली. पंचविशीतला, गुहागरकडचा. क्रूझ जहाजावर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कामाला. जहाजावर रुजू व्हायला आठवड्यापूर्वी सिंगापूरला आला होता आणि त्याचं जहाज आता इथे येणारच नव्हतं. कंपनीने हॉटेलात ठेवलं होतं, पण पगार जहाजावर चढल्या दिवसापासून.

"काका, आम्हाला चढू देत नाहीत आणि जे वर आहेत त्यांना उतरू देत नाहीत," तो बाबांना म्हणाला. "माझा मावसभाऊ त्याच जहाजावर आहे. त्याचा करार संपला. त्याच्या जागी मी जाणार होतो." ट्रेनिंग, मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), एजंट, या सगळ्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं. बाबांनी त्याला बारीकसारीक विचारलं: करारावर कुणाची सही आहे, घरी पाठवायचा खर्च कुणाचा लिहिलाय. त्याला ते ठाऊक होतं. खर्च कंपनीचा. "मग आजच लेखी माग," बाबा म्हणाले. "तोंडी नको. आणि विमानं चालू आहेत तोवर."

जहाजाच्या तिकिटात या मुलांच्या श्रमाचा वाटा असतो. सहल रद्द झाली की प्रवाशाला परतावा कसा मिळवायचा यावर पानंच्या पानं लिहिली जातात, मीही वर लिहिलंच. गॅलीतल्या माणसाबद्दल त्या महिन्यात मला कुठे ओळही दिसली नाही.

संध्याकाळी सिंगापूरने जाहीर केलं: सोमवारी रात्री 11.59 पासून आसियान (आग्नेय आशियातले) देश, जपान, स्वित्झर्लंड, ब्रिटन इथून येणाऱ्यांनी 14 दिवस घरात किंवा हॉटेलात राहायचं. आम्ही मलेशियातल्या मलाक्काला एक दिवस जाऊन यायचं ठरवत होतो, ते तिथेच संपलं.

सोमवार, 16 मार्च

विमानाची तारीख बदलण्यात सकाळ गेली. भारताने युरोपीय संघ, ब्रिटन आणि तुर्कस्तानातून येणाऱ्या प्रवाशांना 18 तारखेपासून बंदी जाहीर केली होती, म्हणजे तिथे अडकलेल्या भारतीयांनाही. बाबा म्हणाले, "उद्या आपलं नाव त्या यादीत आलं तर?" दुसऱ्या दिवशीची जागा मिळाली. रात्री मलेशियाने 18 पासून हालचालीवर निर्बंध जाहीर केले.

मंगळवार, 17 मार्च

चांगीला लवकर पोचलो. विमानतळाजवळच्या ज्युएल मॉलमधल्या त्या उंच धबधब्याभोवती एरवी फोटोंसाठी झुंबड असते, आज आई एकटीच बाकावर बसून बघत होती. टीव्हीवर जोहोरच्या पुलाची दृश्यं होती. रोज मलेशियातून सिंगापूरला कामाला येणारे लोक उशा, पांघरुणं, कपड्यांच्या बॅगा घेऊन रात्री बाराच्या आत सिंगापुरात शिरत होते. काम टिकवायचं तर घर सोडायचं, असा तो हिशोब. आणि दुपारी बातमी आली: भारताने अफगाणिस्तान, फिलिपाइन्स आणि मलेशियातून येणारी विमानं तत्काळ थांबवली. क्वालालंपूरच्या विमानतळावर भारतीय विद्यार्थी बॅगा घेऊन अडकले. आमच्यापासून तासाभराच्या विमानप्रवासावर. आमचं विमान सुटेपर्यंत आईने पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

मुंबईत रात्री लांब रांग. ताप मोजला, फॉर्म भरला, आणि डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शिक्का: मुंबईकरांचं रक्षण करताना अभिमान वाटतो, घरी विलगीकरणात, अमुक तारखेपर्यंत. मतदानाच्या शाईचा. राज्य सरकारने आदल्याच दिवशी तो सुरू केला होता. शिक्का मारणारी मुलगी थकलेली होती, तरी प्रत्येकाला "घरी कोण कोण आहे, वेगळी खोली आहे का" हे विचारत होती. नसेल तर काय करायचं हे तिच्याकडच्या कागदावर होतं, तेही सांगत होती. बाबांनी तिला पूर्ण ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जर्मनीहून आलेल्या चौघांना असेच शिक्के बघून लोकांनी पालघरला रेल्वेगाडीतून उतरवलं, ती बातमी वाचून त्यांना त्या मुलीची आठवण झाली. जाणाऱ्याला कुठे आणि कसं राहायचं ते सांगणारं कुणीतरी हवं, एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर

22 मार्चपासून भारतात आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. 23 च्या रात्रीपासून सिंगापूरने पर्यटकांना प्रवेश बंद केला. 25 पासून देशभर टाळेबंदी.

गुहागरच्या मुलाचा मेसेज आला की लेखी मागितल्यावर कंपनीने तिकीट दिलं आणि तो 20 तारखेच्या विमानाने उतरला. मावसभाऊ मात्र जहाजावरच होता. प्रवासी उतरून गेलेली ती अवाढव्य जहाजं कर्मचाऱ्यांसकट जगभरच्या समुद्रात नांगरून पडली होती, आणि त्यांच्यासाठी कुठलंच बंदर उघडत नव्हतं. आपलीच मुलं मुंबईच्या समुद्रात येऊन जहाजावर थांबली होती. एप्रिलमध्ये केंद्राने भारतीय खलाशांना उतरवून घ्यायची रीतसर पद्धत ठरवली, आणि त्याच महिन्यात मरेला डिस्कव्हरी या जहाजावरच्या शंभराहून जास्त भारतीय कर्मचाऱ्यांना तपासणी करून मुंबईत उतरू दिलं.

बातमी कळल्याबरोबर बाबांनी गोदीतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. कुठला धक्का दिला, डॉक्टर जहाजावर गेले होते का, पोरांना गावापर्यंत पोचवायला गाड्या आहेत का, असं सगळं विचारून घेतलं आणि मग गुहागरला फोन करून सांगितलं की मुंबईचं बंदर उघडलंय, भावाला कंपनीकडे लेखी अर्ज करायला सांग.